दर मंडळीला एक खोली

फोनवर त्यांनी भाडं सांगितलं नाही, डिपॉझिट सांगितलं नाही, पाणी रोज येतं का हेही सांगितलं नाही. पहिलाच प्रश्न विचारला तो असा : "मंडळी कुठली तुमची?"

मी कार्यालयाच्या जिन्यात उभी होते. रत्नागिरीला बदली होऊन आठवडा झाला होता, लॉजवरच्या जेवणाने पोट बिघडलं होतं आणि खोल्यांच्या माझ्या यादीत हा शेवटचा नंबर उरला होता. आधीच्या घरमालकांनी आडनाव विचारलं, नवरा नगरला आणि तुम्ही इथे एकट्या कशा म्हणून विचारलं, पण मंडळी कोणी विचारली नव्हती. आम्हा ख्रिस्ती लोकांत मंडळी म्हणजे चर्च. माणूस कुठल्या पंथाचा, हे त्या एका शब्दात विचारून होतं.

"शनिवारवाले आम्ही," मी म्हटलं. रविवारऐवजी शनिवार पाळणारा आमचा पंथ. ख्रिस्ती लोकांतही आम्हाला सगळे असंच ओळखतात.

पलीकडे फटफटणाऱ्या चपला एकदम थांबल्या. मग आवाज आला, "अगो बाय, होतीस कुठं तू? दोन वर्षं खोली रिकामी ठेवलीय तुझ्यासाठी."

हे अक्षरशः खरं होतं. त्यांच्या घरामागे जांभ्या दगडाच्या चार खोल्या एका ओळीत होत्या, पुढे लांब पडवी आणि अंगणात विहीर. नियम एकच. दर मंडळीला एक खोली, आणि एकाच मंडळीची दोन घरं नाहीत. पहिल्या खोलीत आंटी होत्या, मूळच्या सावंतवाडीकडच्या, कॅथलिक, विधवा, शिवणकाम करायच्या. दुसरीत गुरुजी आणि त्यांची बायको. त्यांच्या पंथात पाद्री हा प्रकारच नसतो, सगळे पुरुष बंधू आणि सगळ्या बायका डोक्यावर पदर घेऊन गप्प. तिसरीत रिक्षावाला भाऊ आणि त्याची बायको; त्यांची मंडळी हात वर करून मोठमोठ्याने प्रार्थना करणारी. चौथी माझी. आणि घरमालकीण स्वतः गावातल्या जुन्या मिशन चर्चच्या. बाकं, ऑर्गन, झगा घातलेला पाद्री, सगळं रीतसर.

मी राहायला गेले त्याच आठवड्यात एक तरुण जोडपं खोली विचारायला आलं. मुलगा बँकेत होता आणि सहा महिन्यांचं भाडं आगाऊ द्यायला तयार होता. घरमालकिणीने त्यांना फाटकातूनच परत पाठवलं. "कॅथलिकांची जागा भरलीय. मेथडिस्ट कोणी ओळखीचं असेल तर सांगा, मी पाचवी खोली बांधायला काढते."

त्यांना नाव होतं, फाटकावरच्या पाटीवर होतंही, पण सगळा भाग त्यांना सिस्टर म्हणायचा. उभी हयात रुग्णालयात परिचारिका म्हणून गेली होती. आंटी म्हणायच्या, "आमच्यात सिस्टर म्हणजे नन." भाऊ म्हणायचा, "आमच्यात सगळ्याच बायका सिस्टर." एवढ्यावरून एकदा अर्धा तास वाद झाल्याचं मी कानांनी ऐकलंय.

सिस्टर उंच, काटकुळ्या, साडी घोट्यांच्या वर खोचलेली, पायात रबरी चपला. एका जागी थांबणं त्यांना जमायचं नाही. बोलायचं तर त्यांच्या मागोमाग चालत बोलावं लागायचं. विहिरीपासून पडवीपर्यंत, पडवीपासून परसातल्या चुलीपर्यंत, मध्येच कोणाची वाळत घातलेली चादर सरळ करायची, पुढच्या क्षणी पंप बंद करायला पळायचं. पहिल्या महिन्यात मला त्यांच्याकडे नुसतं बघूनच दमायला व्हायचं. मी तीनदा दुसरी खोली शोधायचं ठरवलं आणि तिन्ही वेळा डायरीतली ती ओळ खोडली.

भांडणाचाही त्यांचा नियम होता. "भांडा. पण अंगणात भांडा. दार लावून एकमेकांबद्दल बोललात तर पंपाची किल्ली काढून घेईन." त्यामुळे बाप्तिस्मा लहानपणी द्यावा की मोठेपणी, पाणी शिंपडून की बुडवून, मरियेला कितपत मानावं, हे सगळं विहिरीच्या काठावर, कपडे धुताना, बादल्यांच्या आवाजात चालायचं. आवाज चढले की सिस्टर चालता चालता यायच्या, जो जास्त तापलाय त्याचं मनगट धरायच्या आणि छातीवर पिनने लावलेल्या घड्याळात बघत नाडी मोजायच्या. सगळे आपोआप गप्प. मग निदान यायचं. "गुरुजी, हा विश्वास नाही, हा बीपी आहे. आत जाऊन गोळी घ्या." गुरुजी कपाळाला आठ्या घालून आत जायचे आणि खरोखर गोळी घ्यायचे.

बिशप, पाद्री, ठराव, संयुक्त सभा, यांवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. "मोठी माणसं परिषद भरवतात, एक होऊया म्हणतात, फोटो काढतात नि आपापल्या गाडीत बसून जातात. सहा महिने एका विहिरीवर ठेवा त्यांना. पंप बिघडला की बघू कोण कुठल्या पंथाचा ते."

पंप वारंवार बिघडायचा. मला संशय आहे, की काही वेळा त्या मुद्दाम दुरुस्तीला उशीर करायच्या.

शुक्रवारी सगळ्यांचं जेवण एकत्र व्हायचं. पूर्णगडची मासेवाली टोपली घेऊन यायची आणि सिस्टर दर शुक्रवारी बांगडेच घ्यायच्या. कारण माझ्या पंथात खवले नसलेलं काही चालत नाही; कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या, रत्नागिरीत ज्यासाठी माणसं जीव टाकतात ते सगळं बाद. आंटींना शुक्रवारी मटण नको. भाऊची बायको डुकराचं नाव काढलं तरी पाच मिनिटं प्रार्थना करायची. गुरुजींना सगळं चालायचं, पण बांगडा आवडायचा नाही.

"सिस्टर, एखाद्या शुक्रवारी कोळंबी करूया की," ते एकदा म्हणाले.

"आणि ही शनिवार काय खाईल? तुमचं डोकं?" मी त्यांच्या तोंडी 'शनिवार' होते, भाऊ 'हालेलूया' होता. "गुरुजी, सगळ्या ख्रिस्ती मंडळींचं एकमत होईल असा एकच मासा देवाने केला. त्याला नावं ठेवू नका."

जेवणाआधी प्रभूची प्रार्थना व्हायची, आणि तिथे वर्षानुवर्षांची अडचण होती. कॅथलिक लोक ही प्रार्थना एका जागी थांबवतात, बाकीचे आणखी एक ओळ पुढे म्हणतात. गावातल्या संयुक्त नाताळात दरवर्षी त्या जागी गोंधळ उडायचा. अर्धे गप्प होऊन इकडेतिकडे बघायचे, अर्धे पुढे जायचे आणि मग मध्येच शरमून आवाज खाली आणायचे. सिस्टरनी अंगणापुरता तोडगा काढला होता. "थांबणारे थांबा. जाणारे पुढं जा. पण आमेन कोणी आधी म्हणायचं नाही. आमेन एकत्र." आंटी डोळे मिटून वाट बघायच्या. आम्ही ती ओळ म्हणायचो. मग सगळ्यांचं आमेन एकदम. हे इतकं साधं होतं, की संयुक्त नाताळच्या समितीला का सुचत नाही म्हणून मी त्यांना लेखी कळवलं. उत्तर आलं नाही.

हे सगळं कशासाठी, ते मला पावसाळा संपता संपता कळलं. मी पाण्याच्या दोन बादल्या घेऊन त्यांच्या मागे चालले होते आणि त्या नेहमीसारख्या पुढे बघत बोलत होत्या.

"मिस्टर माझे कॅथलिक. एसटीत मेकॅनिक. रविवारी दोघं तयार होऊन बरोबर निघायचो. तिठ्यावर आलं की ते डावीकडं, मी उजवीकडं. परत येताना जो आधी येईल त्याने तिथंच थांबायचं. लोक हसायचे. तीस वर्षं असंच."

"मग एकाने बदलायचं की सिस्टर."

"का म्हणून? त्यांना त्यांचं खरं वाटायचं, मला माझं." त्यांनी माझ्या हातातली एक बादली घेतली आणि चर्चमधल्या प्रभुभोजनाबद्दल बोलायला लागल्या, जिथे येशूचं शरीर आणि रक्त म्हणून भाकर आणि द्राक्षारस देतात. "आमच्या चर्चमध्ये पाद्र्याने त्यांना भाकर दिली असती, पण ते घेत नव्हते. तिकडं मी घेतली असती, तर मला द्यायचा नियम नव्हता. मिस्टरांच्या मयताच्या दिवशी तिकडं पहिल्या बाकावर बसवलं मला. फादर भाकर घेऊन खाली आले. नियम मला पाठ होता गो. तरी हात पुढं गेला."

"मग?"

"फादरनी डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद दिला नि पुढं गेले. त्यांची चूक नाही हो. चांगला माणूस. रडत होता बिचारा." त्या विहिरीपाशी आल्या आणि लगेच उलट फिरल्या. "तीस वर्षं एका ताटात जेवलो. ती एक भाकर तेवढी राहिली. म्हणून म्हणते, मरायच्या आधी मला एकदा बघायचंय. ह्याच अंगणात. सगळ्या खोल्या नि एक भाकर. जेवणातली नव्हे. ती."

एवढं बोलून त्या पंप बघायला गेल्या. मी उरलेली बादली घेऊन उभी. त्या दिवसापासून ते अंगण मला वेगळं दिसायला लागलं. भाडेकरू गोळा केले नव्हते त्यांनी. एका पंगतीची जुळवाजुळव चालली होती.

ती पंगत पहिल्यांदा मोडली ती भाऊमुळे. आणि मोडली ती फार चांगली चालली होती म्हणून.

शुक्रवारच्या जेवणाआधीची प्रार्थना लांबत गेली. भाऊ पेटी छान वाजवायचा. आंटींचा आवाज गोड. गुरुजी शास्त्रातला उतारा इतका सोपा करून सांगायचे, की आजूबाजूची माणसं कुंपणापाशी उभी राहून ऐकायची. हळूहळू बाहेरचे ख्रिस्ती लोकही यायला लागले, अंगणात चटया कमी पडायला लागल्या. माझी मात्र झोप उडाली. चपला कुठे काढायच्या, बांगडे किती लागतील, आंटी मध्ये थांबल्या की नव्या माणसाला कोण समजावणार, याच्या मी याद्या करत बसायचे. सिस्टर खूश होत्या. पहिल्यांदाच मी त्यांना गुणगुणताना ऐकलं.

एका सकाळी त्या दूध आणायला गेल्या आणि अर्ध्या वाटेतून रिकाम्या हातांनी परत आल्या. आल्या त्या सरळ तिसऱ्या खोलीच्या दारात.

"हालेलूया, बाहेर ये."

भाऊ दाढीचा साबण लावलेला बाहेर आला. "प्रभूची स्तुती, सिस्टर."

"नंतर कर. तिठ्यावर काय लावलंयस तू?"

तिठ्यावर फ्लेक्स लागला होता. मीही जाऊन बघितला. वर ठळक अक्षरांत 'एक कळप फेलोशिप'. खाली भाऊचा हात वर केलेला फोटो, संस्थापक म्हणून. बाजूला सिस्टरचा जुना युनिफॉर्ममधला फोटो, आदरणीय माता म्हणून. दर शुक्रवारी, सर्वांना प्रवेश, आजारी लोकांसाठी विशेष प्रार्थना.

"सिस्टर, सगळे एक झालोच आहोत ना," भाऊ काकुळतीला आला. "मग त्याला नाव नको का? रविवारीपण इथेच जमू. लोक विचारतात, तुमच्या मंडळीचं नाव काय."

"मेल्या, मी पाच मंडळ्या जोडायला निघाले नि तू सहावी काढलीस!"

"सहावी नाही सिस्टर, ही सगळ्यांची!"

"प्रत्येक जण असंच म्हणून सुरू करतो रे. तू काय पहिला आहेस?"

त्याची नाडी मोजायला त्यांनी हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला. मग स्वतःचंच मनगट धरून पडवीच्या टोकापर्यंत चालत गेल्या.

फ्लेक्स त्याच दिवशी उतरला आणि लाकडांवर झाकायला गेला. पण तेवढ्यावर भागलं नाही. सिस्टरनी शुक्रवारची प्रार्थना बंद केली. जेवणही बंद. शिवाय हुकूम निघाला, की रविवारी प्रत्येकाने आपापल्या चर्चला गेलंच पाहिजे. "जा, तिथं जाऊन एक व्हा म्हणून भांडा. इथं लपून एक होण्यात काय पराक्रम आहे?" रविवारी सकाळी त्या फाटकात उभ्या राहायच्या आणि कोण बाहेर पडलं ते बघायच्या. माझ्यासाठी शनिवारी. एकदा ताप असूनही मला पाठवलं; आधी नाडी बघितली, मग छत्री दिली.

त्या काळात अंगण सुकून गेलं. बादल्यांचा आवाज तेवढा यायचा, वाद कोणी घालेना. गुरुजी आणि भाऊ एकमेकांना टाळायचे. भाऊच्या बायकोने मला हळूच सांगितलं, की ते दुसरीकडे जागा बघताहेत. आणि सिस्टर आधीपेक्षा दुप्पट चालायला लागल्या. पहाटे जाग आली की पडवीवर चपलांचा आवाज, रात्री डोळा लागताना तोच आवाज. मला ते सहन होईना. काम अडलं की मी कागद घेते; तसा घेतला.

आडव्या ओळीत खोल्या लिहिल्या, उभ्या रकान्यात प्रश्न. भाकर कोणी मोडायची? आंटी : फक्त फादर. सिस्टर : दीक्षा झालेला पाद्री. गुरुजी : कोणीही बंधू. भाकर फुगवलेली की बिनफुगवलेली? द्राक्षारस की नुसता रस? एक प्याला की वेगळे? बाई चालेल? प्रत्येकाच्या दारात जाऊन मी उत्तरं घेतली. एकही रकाना जुळला नाही. शेवटी आमच्यातला एक विधी मी विचारून बघितला. भाकर घेण्याआधी आम्ही एकमेकांचे पाय धुतो. आंटी म्हणाल्या, आमच्यातही पवित्र गुरुवारी धुतात, चालेल. गुरुजी म्हणाले, हरकत नाही. भाऊ म्हणाला, आत्ता धुतो.

मी धावत सिस्टरकडे गेले. "सापडलं! पाय धुणं सगळ्यांना चालतं. भाकर राहू द्या, आपण तेवढंच करू."

त्या परसात नारळ सोलत होत्या. पहिल्यांदाच माझ्यावर रागावल्या. "जन्मभर लोकांचे पायच धुतले गो मी. पाय धुवायला मला कोणी कधी अडवलं नाही. मला ती भाकर हवीय."

मी तो कागद चुलीत घातला.

पुढचं मी केलं नाही, आंटींनी केलं. त्या आमच्यात सगळ्यांत कडक. फादरला विचारल्याशिवाय नवा स्कार्फही न घेणाऱ्या. एका संध्याकाळी त्या गुरुजींच्या दारात उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "म्हातारी चालून चालून मरेल. शुक्रवारी जेवायचं का नाही?"

"जेवायचं म्हणजे?" गुरुजी सावध.

"जेवायचं. म्हातारी भाकर मोडेल, मी खाईन. मी जेवायला येणार. तिला काय वाटतं ते तिचं. देवाला काय ते कळेल."

गुरुजी दाराची कडी चाळवत राहिले. बाईने भाकर मोडायची आणि आपण खाली बसून घ्यायची, हे त्यांच्यासाठी लहान नव्हतं. पाठीमागून त्यांच्या बायकोचा आवाज आला. प्रार्थनेत तो मी कधी ऐकला नव्हता. "बसा हो एक दिवस. तुमचं काय झिजतंय?"

भाऊने कबूल केलं, की तो तोंडातून अवाक्षर काढणार नाही.

त्या शुक्रवारी सूर्य मावळून माझा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, सुरू झाला तेव्हा आम्ही सगळे पडवीत बसलो होतो. मध्ये पितळी ताट, त्यात तांदळाची एकच मोठी भाकर. मनुका उकळून केलेला रस एका तांब्यात. सिस्टर न्हाऊन, पांढरी साडी नेसून आल्या. आंटींनी हातातली माळ पदरात लपवली. गुरुजी मान खाली घालून बसले होते. भाऊने ओठ इतके घट्ट मिटले होते, की मला भीती वाटली त्याला चक्कर येईल.

सिस्टरनी भाकर उचलली. ओठ हलले. दोन्ही हातांची बोटं भाकरीच्या कडेवर होती. आम्ही वाट बघत होतो.

बोटं तिथेच राहिली, भाकर मोडेना. वय झालं, असं मला वाटलं. पण ते वय नव्हतं.

"माझ्याच्याने होत नाही," त्या म्हणाल्या.

"मोडा सिस्टर," आंटी म्हणाल्या. "आम्ही आलोय ना."

"पाद्री नाही. मी कोण मोडणार? आमच्यात असं…" त्यांनी भाकर ताटात ठेवली. परत उचलली. परत ठेवली.

"कोणीही मोडलेली चालते, सिस्टर," गुरुजी म्हणाले. त्यांच्या तोंडून ते किती हळू आवाजात आलं. "मला चालते."

"तुम्हाला चालते हो, गुरुजी. मला चालायला हवी ना."

त्यांच्यासाठी आम्ही प्रत्येक जण वाकून आलो होतो, आणि त्यांना स्वतःलाच वाकता येत नव्हतं. त्या आमच्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होत्या, जणू आमच्यापैकी कोणीतरी हे कसं करायचं ते सांगेल. मला त्यांच्या डोळ्यांकडे बघवेना.

आंटी उठल्या आणि बांगड्याचं कालवण वाढायला लागल्या. आम्ही भाताबरोबर जेवलो. भाकरीला कोणी हात लावला नाही.

जेवणं झाल्यावर मी ताट उचललं आणि चूक केली ती विचारण्याची. "ह्या भाकरीचं काय करायचं?"

"म्हणजे काय?" गुरुजी म्हणाले. "भाकर ती भाकर. सकाळी कोंबड्यांना घाला."

"कोंबड्यांना?" आंटी ताडकन उभ्या राहिल्या. "तिने उचलली, प्रार्थना केली तिच्यावर!"

"अर्धीच केली."

"अर्धी प्रार्थना म्हणजे काय प्रार्थना नाही?"

"तुमच्याच नियमाने फादरशिवाय काही होत नाही ना? मग झालं नाही काही!"

"माझा नियम मला शिकवू नका, गुरुजी!"

भाऊचे ओठ तेव्हा उघडले ते अर्धा तास मिटले नाहीत. विश्वासाने जो खाईल त्याला ती पवित्र, अविश्वासाने खाईल त्याला भाकर, असं त्याचं म्हणणं. त्याच्या बायकोचं म्हणणं, ती जमिनीत पुरावी. किती तरी दिवसांनी अंगणात आवाज चढले होते. सिस्टर पडवीच्या खांबाला टेकून ऐकत होत्या. मला वाटलं आता येतील आणि कोणाचं तरी मनगट धरतील. त्या आल्या, माझ्या हातातून ताट घेतलं, भाकरीवर पातेलं पालथं घातलं आणि आत गेल्या.

त्या रात्री मी चपलांचा आवाज ऐकत पडले होते, पण तो आला नाही. ते जास्त वाईट होतं.

शनिवारी माझ्या खोलीत चूल पेटत नाही. सकाळी मी तशीच बसले होते, तर मोहरीच्या फोडणीचा वास आला आणि सिस्टर हातात पातेलं आणि पळी घेऊन पडवीत आल्या.

"शनिवार, वाटी आण."

भाकरीचा कुस्करा होता. कांदा, मिरची, वर खोवलेला नारळ. त्यांनी माझ्या वाटीत घातला आणि पुढे गेल्या. आंटी दारात उभ्या होत्या, त्यांनी हातावर पदर धरून पुढे केला, त्यात घातला. गुरुजी ब्रश तोंडात धरून बाहेर आले. त्यांच्या बायकोने बशी धरली. भाऊ रिक्षाची काच पुसत होता. त्याला आणि त्याच्या बायकोला एकाच झाकणीत दिलं.

गुरुजींनी बशीत बघितलं. "सिस्टर, एवढंच? दोन घास पण नाहीत."

"एका भाकरीचं किती होणार?"

गुरुजींचा हात थांबला. आंटींनी कुस्कऱ्याकडे बघितलं, मग सिस्टरकडे. मी काहीतरी बोलणार होते, मला वाटतं विचारणारच होते, पण आंटींनी मला डोळ्यांनी दटावलं.

"खा गो," त्या म्हणाल्या. "निवेल."

त्यांनी स्वतः क्रुसाची खूण केली, जशी त्या कुठल्याही घासाआधी करायच्या, आणि खाल्लं. गुरुजींनी उभ्या उभ्याच खाल्लं. भाऊ नेहमी खाण्याआधी प्रार्थना म्हणतो. त्या दिवशी मनात म्हणाला असावा. कुस्करा तिखट झाला होता.

सिस्टर पातेलं घेऊन विहिरीकडे निघाल्या होत्या. जाता जाता तळाला चिकटलेलं त्यांनी बोटाने पुसून घेतलं, तोंडात घातलं, आणि पंप सुरू केला.